अंबादासभाऊ आणि दुसऱ्या रकान्यातल्या सह्या

अंबादासभाऊ मेश्राम जन्मात कधी रंगमंचावर चढले नाहीत, पण प्रवेश कसा घ्यावा हे त्यांना कळत होतं. फाटकाशी सायकल लावायची, टोपी काढून घाम पुसायचा, टोपी परत घालायची, बगलेतली वही हातात घ्यायची आणि मग कडी एकदाच वाजवायची. तोवर घरातल्या सगळ्यांना कळलेलं असे की शाळेची नोटीस आली. मी चौदा वर्षं नाटक कंपनीत काढली. इतक्या तयारीने स्टेजवर येणारी माणसं मी चारच पाहिली, आणि त्यांतल्या दोघांना संवाद पाठ नसत.

अंबादासभाऊंना पाठ असत. ते राइट टाउनमधल्या आमच्या मराठी शाळेचे शिपाई. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, पंधरवड्याने बायको शेवंता आणि बारा वर्षांचा मुलगा यांना घेऊन पवनीहून निघाले आणि जबलपूरला मामाच्या खोलीत सामान ठेवलं. पवनी सुटली तेव्हा ती आणि जबलपूर एकाच राज्यात होती. सामान सोडून होईपर्यंत एक नोव्हेंबरची राज्यपुनर्रचना झाली आणि दोन्ही दोन राज्यांत गेली. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पवनीच्या बहिणीला, पार्वताबाईला, लिहिलेलं पत्र आता परराज्यात जाणार, तेव्हा अक्षर नीट काढलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

अक्षर मात्र नीट आलं नाही. पार्वताबाईने काही वर्षं ती पत्रं गावातल्या तीन-चार जणांकडून वाचून घ्यायचा प्रयत्न केला, आणि मग निरोप पाठवला की तब्येत बरी असेल तर नुसतं कोरं कार्ड टाकत जा, मी समजून घेईन. तशी कोरी कार्डं बरीच वर्षं गेली. पुढे मुलगा रेल्वेत लागून इटारसीला गेला आणि नात ज्योती मराठी शाळेसाठी आजोबांकडे राहिली. तिसरीपासून पत्रं ती लिहू लागली. ज्योती गल्लीत हिंदी बोले, घरातही आजोबांच्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देई. पण हातात पोस्टकार्ड दिलं की मराठी लिही, कारण शाळेत तसंच शिकवलं होतं. पार्वताबाईला वीस वर्षांनी भावाची बातमी कळली. ती बहुतेक जुनी होती.

आता नोटिशीबद्दल. दरवर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अंबादासभाऊ वर्षअखेरीची नोटीस घेऊन निघत. आमची मुलं साऱ्या गावभर पसरलेली: कोणी राइट टाउनात, कोणी सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या मागच्या क्वार्टर्समध्ये, कोणी घमापूरला, कोणी थेट रांझीला फॅक्टरीच्या वस्तीत. प्रत्येक दारात ते नोटीस वाचून दाखवत, तीही मुख्याध्यापक लक्ष्मणरावांच्या आवाजात. निकाल तीस एप्रिलला. पालकांनी जातीने यावे. वाचनालयाची पुस्तके परत करावीत, पाने मोजली जातील. शाळा सोडणाऱ्या मुलांचे दाखले अर्ज केल्याशिवाय मिळणार नाहीत. शाळा एक जुलैला उघडेल. "पाने मोजली जातील" या ठिकाणी ते थांबत आणि घरातल्या मुलाकडे बघत. मी कितीतरी नटांना एवढ्या साध्या वाक्यावर एवढं काम करताना पाहिलेलं नाही.

वाचून झालं की वही पालकाच्या हातात द्यायची आणि स्वतः पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभं राहायचं. ही त्यांची पद्धत. सुरुवातीच्या काळात पुष्कळ पालक नुकतेच सही शिकलेले होते. एक-एक अक्षर काढायला वेळ लागे, कपाळाला घाम येई. त्यांच्यावर नजर नको म्हणून अंबादासभाऊ वळून उभे राहत. पुढे ती माणसं हेडक्लार्क झाली, फोरमन झाली, फर्रकन सह्या मारू लागली. पाठ फिरवणं तसंच राहिलं. कुणी कुठे सही केली हे त्यांनी तेवीस वर्षांत एकदाही बघितलं नाही.

एकोणऐंशी सालच्या नोटिशीत एक कलम नवीन होतं. सहावीपासून हिंदी आणि इंग्रजी सगळ्यांनाच होत्या; तिसरी भाषा म्हणून मराठी की संस्कृत, हे यंदापासून पालकांनी सांगायचं, असं शाळेच्या कार्यकारिणीने ठरवलं होतं. सहावीत जाणाऱ्या मुलांच्या निदान वीस पालकांनी मराठी मागितली तर मराठीचा वर्ग राहील, नाहीतर सगळी मुलं संस्कृत शिकतील. त्यासाठी वहीत नावांपुढे दोन रकाने आखले होते, पहिला मराठीचा, दुसरा संस्कृतचा. आधी कधी दोन नव्हते.

शाळेला सगळ्यात जवळचं घर आमचं, त्यामुळे वही आधी माझ्याकडे आली. माझी नात सुमेधा सहावीत जाणार होती. मी मराठीला होकार दिला आणि सही केली. वही पुढे गेली.

चार दिवसांनी लक्ष्मणरावांनी ती उघडली. तेवीस सह्या होत्या. पहिल्या रकान्यात दोन, दुसऱ्यात एकवीस.

"पालकांची इच्छा स्पष्ट दिसते," लक्ष्मणराव म्हणाले. मराठी शिकवणाऱ्या विभावरीबाई तिथेच होत्या. त्यांनी वही हातात घेतली आणि उलटी धरून पाहिली. उलटी धरूनही आकडा तोच येत होता.

"साहेब, हे चुकून झालं," अंबादासभाऊ म्हणाले. "मी हर घरी वाचून दाखवलं जी. लोकं मराठी म्हणून राहिले होते. माह्या कानानं ऐकलं."

"कानाचं काय करू? सह्या आहेत."

"मंग सह्या बदलल्या तं?"

लक्ष्मणराव माणूस सरळ होते, नियमापलीकडे त्यांना दिसत नसे एवढंच. म्हणाले, "ज्याने त्याने स्वतः खोडून, बाजूला नवी सही केली तर चालेल. शुक्रवारी पाचला मी वही कार्यकारिणीकडे पाठवतो."

तो बुधवार होता. अंबादासभाऊ वही घेऊन भर दुपारी निघाले ते पहिले माझ्याकडे आले. कडी एकदाच वाजली, पण टोपी काढायची राहिली होती. तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

"माई, सही एक वार पुन्हा पाहिजे," ते म्हणाले.

"का हो? पहिली पुसली?"

"पुसली नाही. लांब झाली."

मी चष्मा लावला आणि वही पाहिली. कंपनीत असताना लोक खेळाच्या जाहिरातीवर माझी सही मागत. तेव्हा लागलेली सवय सुटली नाही. नावाचं पहिलं अक्षर काढते आणि तिथून पेन सोडून देते. माझी सही पहिल्या रकान्यात सुरू होऊन, मधली रेघ ओलांडून, दुसऱ्या रकान्यात दोन वळणं घेऊन संपली होती. पहिल्या रकान्यात तिचं एक अक्षर. बाकी सगळी मी संस्कृतमध्ये.

खालची सही नीलकंठरावांची, ती बरोबर माझ्या शेवटच्या वळणाखाली. तिच्याखाली तिसरी, तिच्याखाली चौथी. एका खाली एक, नांगराच्या तासासारख्या सरळ. मधल्या दोघांनीच काय ते रकान्याचं डोकं वाचलं होतं.

"हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"मी काही म्हटलं काय जी?" अंबादासभाऊ म्हणाले, आणि सवयीने पाठ फिरवून रस्त्याकडे बघू लागले. मी ती सही खोडली आणि पहिल्या रकान्यात अशी बारीक सही केली की पुढे बँकेने ती ओळखली नसती.

मग त्यांनी नीलकंठरावांचं घर गाठलं. नीलकंठराव गन कॅरेज फॅक्टरीत होते. तिथे काय झालं ते नीलकंठरावांनीच मला नंतर सांगितलं.

"मी संस्कृत मागितली? मी काहून मागू? मला मराठीच धड येत नाही," नीलकंठराव म्हणाले.

"सही तं तुमचीच आहे भैया."

"सही माझी आहे. पण वरच्याने जिथे केली तिथेच खाली केली. फाटकावरच्या रजिस्टरात बावीस साल तसंच करून राहिलो. वरच्याला सोडून दुसरीकडे केली तर टाइमकीपर बोलावून विचारतो."

आमच्यातली निम्मी माणसं फॅक्टरीतली, उरलेली रेल्वेतली. सगळ्यांनी आयुष्यभर वरच्याच्या सहीखाली सही केली होती. सर्वात वर मी होते.

आता अंबादासभाऊंपुढे खरी अडचण आली. पाठ फिरवली तर पुन्हा तीच चूक व्हायची. बघत उभं राहिलं तर तेवीस वर्षांचा रिवाज मोडायचा, आणि घमापूरला दोन म्हातारे पालक असे होते की ज्यांना अजूनही सही करायला मिनिटभर लागे. नीलकंठरावांच्या दारात त्यांनी तोड काढली. वही दिली, पाठ फिरवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "बोट ठेवा, अन् डोक्यावर काय लिहिलं ते मोठ्यानं वाचा."

"मराठी," नीलकंठराव म्हणाले.

"हं. आता करा."

बुधवारी संध्याकाळपर्यंत सात घरं झाली, गुरुवारी दहा. प्रत्येक दारात ते आधी पूर्ण नोटीस पुन्हा वाचत, पानं मोजण्यासकट. मी त्यांना म्हटलं, तेवढं गाळलं तर वेळ वाचेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पूर्वी प्रवेश गाळा म्हणणाऱ्या मॅनेजरकडे पाहत असे.

या सतरांखेरीज तीन घरांनी बोट दुसऱ्याच रकान्यावर ठेवलं आणि मोठ्याने "संस्कृत" असं वाचलं. त्यांना संस्कृतच हवी होती. शेवंता नंतर नवऱ्याला म्हणाली, "तुमी त्याइले समजावलं काहून नाही?"

"मी शिपाई आहे," अंबादासभाऊ म्हणाले. "वही माही हाय, सही त्याइची."

गुरुवारी हिशोब असा झाला: आधीचे दोन आणि नवे सतरा, मिळून एकोणीस. राहिला एक मुरलीधर. तो बरगीला धरणाच्या कामावर सर्वेअर होता आणि फक्त रविवारी घरी येई. शुक्रवारी पहाटेच्या बसने अंबादासभाऊ बरगीला गेले. धरणाच्या मातीवर, उन्हात, त्यांनी पूर्ण नोटीस वाचली. मुरलीधर टोपीची कड धरून ऐकत होता.

"भाऊ, मी तर सही करतो," तो म्हणाला, "पण माझी बदली झाली आहे. पोरगं जुलैपासून सिवनीला जाणार. सांगायचं राहिलं. चालेल का?"

अंबादासभाऊंनी विचार केला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर कुणाला कळणार नव्हतं.

"नाही चालत जी," ते म्हणाले. "दाखल्याचा अर्ज करा. नोटिशीत चौथं कलम आहे."

शुक्रवारी चारला मी चालत शाळेत गेले. लक्ष्मणरावांना सांगायचं होतं की सुरुवातीची चूक माझी आहे आणि शिक्षा मराठीला नको. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच ओळीत आहात तुम्ही."

तेवढ्यात अंबादासभाऊ बसवरून थेट आले. टोपी मातीने पिवळी झाली होती. त्यांनी वही टेबलावर ठेवली. "एकोणीस," म्हणाले. "विसावा सिवनीला चालला."

लक्ष्मणरावांनी पहिल्या रकान्यातल्या सगळ्या सह्या बोट ठेवून मोजल्या. एकोणीसच. मग त्यांनी सहावीत जाणाऱ्या मुलांची यादी काढली आणि ती वहीशी ताडून पाहू लागले. त्यांची ती सवयच होती; आकडा पटला तरी ते ताडून पाहत. शेवटच्या नावाशी त्यांचं बोट थांबलं.

"यादीत चोवीस मुलं आहेत. वहीत तेवीसच नावं. ज्योती मेश्राम राहिली."

अंबादासभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"तिचे पालक म्हणून रजिस्टरला कोणाचं नाव आहे?"

"माहंच आहे जी."

"मग पाच वर्षं नोटिशीवर तुमची सही कुठे आहे?"

"वही मी फिरवतो साहेब," अंबादासभाऊ म्हणाले. "स्वतःच्या दारी कशी फिरवू?"

लक्ष्मणरावांनी पट्टी घेतली, तेवीस नावांखाली एक ओळ आखली आणि ज्योतीचं नाव लिहिलं. मग ते उभे राहिले, वही हातात धरली आणि नोटीस वाचायला सुरुवात केली. निकाल तीस एप्रिलला. पालकांनी जातीने यावे. अंबादासभाऊ टोपी हातात घेऊन, दारात उभं राहिल्यासारखे ऐकत होते. सबंध नोटीस झाली. खरं सांगायचं तर लक्ष्मणरावांच्या आवाजात ती तितकीशी चांगली वाटली नाही.

"काही विचारायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"ज्योतीले मराठी पाहिजे," अंबादासभाऊ म्हणाले. "पवनीले पत्र लिहावं लागते. माही बहीण कोरं कार्ड वाचून वाचून थकली जी."

"बोट ठेवा आणि वाचा."

"मराठी."

लक्ष्मणरावांनी पेन त्यांच्या हातात दिलं. घड्याळात पाचला दहा कमी होते. मग लक्ष्मणराव खिडकीकडे वळले, म्हणून मीही वळले. बाहेर सायकल स्टँड होता आणि त्याच्या मागे एक कडुलिंब. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो, कारण अंबादासभाऊ सावकाश लिहीत.