पुरणाचा नवस आणि माझा अंगठा

मुलगा चार महिन्यांचा झाला तेव्हा माझा उजवा हात गेला. दिसायला तो धडधाकट होता, पण अंगठा हलवला की मनगटाच्या कडेला अशी कळ उठे की डोळ्यांत पाणी येई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची देवासला कारखान्यात नोकरी होती आणि आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण करायला धारहून सासूबाई आल्या होत्या. त्यांच्या घराण्यात सासूला आत्याबाई म्हणायची जुनी रीत, तसं मीही म्हणायचे.

आत्याबाईंचं निदान तयार होतं. "ओल्या बाळंतिणीनं गार पाण्यात हात घातलास, वारं शिरलं. तरी मी सांगत होते." मग ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक, डिंकाचे लाडू, आणि मला तेल लावायला येणाऱ्या मालिशवालीकडून रोज अंगठा रगडून घेणं. ती म्हणायची, "भाभी, नस पे नस चढ़ी गी हे, उतारनी पड़ेगी." नस उतरवता उतरवता तिनं मनगट टम्म सुजवलं. मी ओरडले की दोघी समाधानानं माना हलवत, कारण दुखतंय म्हणजे वारं निघतंय.

एके सकाळी आत्याबाई पाय पसरून बाळाला न्हाऊ घालत होत्या. न्हाणं झाल्यावर मी त्याच्या काखेत हात घालून उचललं आणि अंगठ्यातली ताकदच गेली. बाळ निसटलं, ते पुन्हा त्यांच्याच मांडीवर पडलं म्हणून निभावलं. ते रडलंसुद्धा नाही, मीच रडले. त्या दिवसापासून मी त्याला उचलणं सोडलं. दूध पाजायलासुद्धा आत्याबाई त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवायच्या आणि पोट भरलं की घेऊन जायच्या. महिन्याभरात तो पोट भरताच मान वळवून त्यांना शोधायला लागला. सरळच सांगते, ज्या बाईनं माझ्या मुलाला पडू दिलं नाही, तिचाच मला मत्सर वाटायचा.

शेवटी नवऱ्यानं हट्टानं इंदूरला हाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीच्या बाजूला जरासं वाकवलं. मी अशी किंचाळले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. वारंबिरं काही नव्हतं. अंगठ्याच्या दोन शिरा, म्हणजे अंगठा ओढणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद वाटेनं जातात आणि बाळाच्या काखेत हात घालून त्याला सारखं उचलल्यानं तिथं सूज येते. नव्या आयांना हे फार होतं म्हणे. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, फक्त एका बारीक सुईनं त्या शिरांच्या आवरणात औषध. नंतर अंगठ्यासकट मनगटाला पट्टी. पुढं बाळाला उचलायचं ते खालून तळवे सरकवून, आणि तेही तीन आठवड्यांनी. "तब तक इस हाथ से कोई काम नहीं, समझीं?" मी समजले. आत्याबाई मात्र बाळाला घेऊन बाहेर बसल्या होत्या.

चौथ्या दिवशी दुखणं एकदम ओसरलं. मी वेड्यासारखी अंगठा हलवून बघत होते. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि तेव्हा मला कळलं, की त्यांनी देवासजवळच्या हाटपिपल्याच्या नरसिंहाला नवस बोलला होता. हात बरा झाला की सून स्वतः पाट्यावर पुरण वाटून नैवेद्य दाखवील! नवस त्यांचा, हात माझा! घरात मिक्सर होता, पुरणयंत्र होतं, पण नवसाला यंत्राचं पुरण त्यांना चालणार नव्हतं. खरं तर मीही नाही म्हटलं नाही. बरं वाटत होतं, आणि देवाचं राहू नये असं मलाही वाटत होतं. मी पट्टी सोडली आणि धारहून आणलेल्या पाट्यावर शेरभर डाळीचं पुरण वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला पाण्याचं भांडंही धरता येईना.

"दाल पीसी? पत्थर पे?" डॉक्टर भयंकर चिडले. लगेच दुसरी सुई दिली तर शीर कमजोर होईल, म्हणून सहा आठवडे पट्टी, मग बघू, असं त्यांनी सांगितलं. या वेळी आत्याबाई आत होत्या. सहा आठवडे ऐकून त्यांनी खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डॉक्टरसाहेब, इसको मत बोलो. मन्नत मेरी थी," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. परतीच्या बसमध्ये माझा राग बराचसा गेला. सगळा नाही.

ते सहा आठवडे त्यांनी मला काडी उचलू दिली नाही. मालिशवालीला दारातूनच परत पाठवलं. दुसरी सुई लागू पडली, आणि पुढचे तीन आठवडे मी पट्टी आंघोळीपुरतीही आपणहून सोडली नाही.

मग तो दिवस आला. मुलगा आठ महिने उलटून चांगला वजनदार झाला होता. गोधडीवर पडलेल्या त्याच्याखाली मी तळवे सरकवले आणि उचललं. अंगठा दुखला नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यानं भोकाड पसरलं आणि स्वयंपाकघराकडे हात केले. आत आत्याबाई पोळ्या लाटत होत्या. आता त्या धावत येणार आणि त्याला घेणार, असं मी धरूनच चालले. लाटणं थांबलं. स्वयंपाकघराचं दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तो किती रडला! मी खोलीभर फिरत राहिले, जे सुचेल ते बोलत राहिले. शेवटी दमून त्यानं मान माझ्या खांद्यावर टाकली आणि तसाच झोपला. डॉक्टरांचे आभार मी तेव्हाही मानले, आजही मानते. आत्याबाईंचे आभार तोंडानं कधी मानले नाहीत, पण त्या लावलेल्या दाराची मी जन्मभर ऋणी आहे.

कडी निघाली. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. सवयीनं मी झोपलेल्या बाळाला खाली निजवायला त्यांच्यापुढं केलं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच निजव," त्या म्हणाल्या.