छातीतलं पाणी

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी चौथीत होते तेव्हापासून हे चालू आहे. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा मजकूर, बँकेचं पत्र, नव्या मिक्सरसोबत आलेलं पुस्तक. मी वाचायचे आणि मराठीत दोन वाक्यं सांगून मोकळी व्हायचे. जास्त बोलायला मला जमत नाही. घरातही कुणाला दोन वाक्यांपेक्षा जास्त ऐकायचं नसे.

आईचा रिपोर्टही तसाच आला, मार्च महिन्यात, बाबांच्या मोबाईलवर. दोन वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर औषधं झाली, केस पुन्हा आले, ती अंगणवाडीत परत जाऊ लागली. पण त्या महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेली की ती अर्ध्या जिन्यात थांबायची. म्हणून अकोल्याला नेऊन छातीचा स्कॅन केला होता.

मी खिडकीशी उभी राहून दीड पान पूर्ण वाचलं. उजव्या फुप्फुसाभोवती द्रव साठला आहे, आणि तो जुन्या आजारामुळेच साठला असावा, असं त्यात लिहिलं होतं.

"काय म्हन्ते कागद?" आईने विचारलं.

"छातीत पाणी झालंय. सुईने काढतात."

"बस?"

"बस."

आईचा चेहरा सैल झाला. "पानी ना? मंग काढू. मले वाटलं पुन्हा तेच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. ते नंतर डॉक्टरांशी एकटेच बोलून आले आणि त्यांना सगळं कळलं, पण आईला सांगायचं कुणी, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

पाणी काढायच्या दिवशी आईला स्टुलावर बसवून पुढच्या टेबलावर उशी दिली. उशीवर हात ठेवून ती ओणवी झाली. डॉक्टरांनी सोनोग्राफीने जागा पाहून पाठीवर पेनाने फुली मारली, ती जागा बधिर केली आणि सुई घातली. "खोकला आला तर आधी सांगा," ते म्हणाले. नळीतून पाणी खाली बाटलीत उतरू लागलं. मला वाटलं होतं ते पाण्यासारखं दिसेल. ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, वर थोडा फेस.

लिटरभर झाल्यावर डॉक्टरांनी थांबवलं. एकदम सगळं काढत नाहीत, म्हणाले. आईने मान वळवून बाटलीकडे पाहिलं.

"अव माय, इतकं पानी माह्यात कुठून आलं व?"

प्रश्न मला होता. मी तिची ओढणी नीट केली.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती चांगली होती. जिना एका दमात चढली. पण मी तिला मोजायला लागले होते. एका श्वासात ती किती शब्द बोलते, टीव्हीसमोर बसून ओठांनी श्वास घेते का, सपाट झोपलं की धाप लागते म्हणून सकाळी तिच्या पलंगावर किती उशा असतात. एकीच्या दोन झाल्या. तिसरी उशी दिसली त्या सकाळी मी कुणाला काही न बोलता ती कपाटात परत ठेवली. दुपारी ती पुन्हा पलंगावर होती.

याच दिवसांत शेजारच्या काकू रोज येऊन बसायच्या. त्यांचं आईवर प्रेम आहे आणि त्यांचा आवाज मोठा आहे.

"भात खाऊ नको बाई. भातानं पानी वाढते."

"सोडला ना भात."

"आन् टरबूज? टरबूज तं नुसतं पानीच."

"नाई व. हातबी नाई लावला."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. भाताने काही होत नाही, हे मला माहीत होतं. बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. पण मग काकूंनी विचारलं असतं, मग कायनं वाढते? त्याचं उत्तर मला त्या खोलीत द्यायचं नव्हतं. म्हणून मी भांडी घासत राहिले.

एप्रिलमध्ये आमच्या खामगावात ऊन असं असतं की दोरीवरचा कपडा वीस मिनिटांत कडक होतो. नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून आमच्याकडे झाडांना पाणी मोजून जातं. तरीही मोरीजवळच्या कुंडीतला कढीपत्ता त्या उन्हात हिरवागार होता. कुंडीतली माती दुपारीसुद्धा ओली. मला वाटलं, बाबा घालत असतील.

आई मात्र वाळत होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. उभी राहिली की भिंत धरायची. एकदा तर मोरीच्या दारातच बसली. मला वाटलं, आजार पुढे गेला. मी मोबाईलवर वाचत बसायचे आणि जे वाचलं ते कुणालाच सांगायचे नाही.

पाणी पुन्हा भरलं होतं. आम्ही परत अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी थोडं पाणी काढलं आणि या वेळी पुढचा उपाय सांगितला. सारखी सुई टोचत राहण्यापेक्षा एक नळी घालून सगळं पाणी काढायचं, फुप्फुस पूर्ण उघडलं की नळीतून एक पावडर आत सोडायची. तिने फुप्फुसाचा पडदा छातीच्या पडद्याला चिकटतो आणि मध्ये पाणी साठायला जागा राहत नाही.

"पावडर?" आई म्हणाली. "लोकं वरून लावतात, मले आतून?"

डॉक्टर हसले. "वासाची नसते मावशी."

पण संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट पाहून ते हसले नाहीत. मूत्रपिंडावर ताण होता, बीपी खाली होतं. अशा अवस्थेत नळी घालायची नाही म्हणाले. उशीर झाला तर फुप्फुस दबूनच राहील, मग पावडरीचा उपयोग होणार नाही, हेही म्हणाले. हे मला, दाराबाहेर. मग आत येऊन त्यांनी आईला विचारलं, "मावशी, दिवसाला पाणी किती पिता?"

आईने बाबांकडे पाहिलं.

"लपवू नका."

"गोळीपुरतं," आई म्हणाली. "दोन घोट. आन् सकाळचा चहा."

"काऊन?" बाबा जवळजवळ ओरडलेच. "मी भरून ठेवलेला गिलास तं रोज रिकामा असे!"

"कढीपत्त्याले टाकत होती." आणि मग तिने माझ्याकडे बोट केलं. रागाने नाही, साक्षीदाराकडे करावं तसं. "पोरीनंच वाचून सांगतलं ना, पानी झालं म्हून. आधीच आत इतकं पानी, वरून अजून कशाले भराचं?"

जिने वीस वर्षं अंगणवाडीत आयांना सांगितलं, लेकराला जुलाब झाले तर पाणी पाजा, थांबू नका, ती माझ्या एका शब्दावर भर उन्हाळ्यात महिनाभर तहानेली राहिली होती.

सलाईन लावल्यावर बाबा औषधं आणायला गेले. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले. समोरच्या पलंगावरची बाई झोपली होती, याचं मला बरं वाटलं.

"आई, ते पिण्याचं पाणी नाहीये," मी म्हणाले. "पिण्याचं पाणी छातीत जात नाही. ते तिथेच तयार होतं."

"कायनं?"

कितीतरी इंग्रजी शब्द तयार होते. मराठीत एकच वाक्य होतं.

"तोच आजार आहे. छातीच्या पडद्यावर आलाय. मला पहिल्याच दिवशी वाचता आलं होतं."

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुह्या बाबाले मालूम?"

"हो."

"म्हंजे मलेच नाई." तिने डोळे पुसले नाहीत, मीही पुसले नाहीत. "अव, मंग आधी सांगाचं ना. फुकट तान काढली मी. कसं कसं होत होतं जीवाले, तुले काय सांगू." आणि थोड्या वेळाने, "ती बाटली दे इकडं."

मी झाकण उघडून दिलं. ती थांबत थांबत, धाप घेत घेत अर्धी बाटली प्यायली. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तिने ते तसंच राहू दिलं.

चौथ्या दिवशी रक्त बरं आलं. नळी घातली, पाणी उतरलं, एक्स-रेमध्ये फुप्फुस बरंचसं उघडलेलं दिसलं आणि पावडर सोडली. ते दुखतं. ती उशी पोटाशी धरून कण्हत होती, ताप आला, आणि दोन दिवस मी तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर श्वास घेत होते. घरी आलो तेव्हा कढीपत्ता सुकला होता.

गेल्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. आईने मला समोर बसवलं.

"पूरा वाच. दोन वाक्यात नाई."

मी ओळ न् ओळ वाचू लागले, अडखळत, शब्द शोधत. तिसऱ्या ओळीत थांबले.

"थांबली काऊन?"

"उजवीकडे खाली थोडंसं आहे अजून."

"थोडंसं काय?"

"द्रव."

"द्रव म्हने!" ती हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. तिने बाजूचा पेला उचलून एक घोट घेतला. "मी काय शाळंत हाय? पानीच म्हन. आता मले मालूम हाय कोन्तं पानी ते. वाच पुढं."

मी चौथी ओळ वाचली.