सुईवाली दीदी आली!

मंडळी, आज मले माझ्याच मैत्रिणीचा हेवा वाटून राहिला.

सुनंदा अन् मी नर्सिंगले सोबत होतो. आता ती बस्तरमध्ये लसीकरण करते. आज दुपारी जेवायले आली, तं इथं शहरात, बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत शिरताच जोरात ओरडली, "सुईवाली दीदी आली!"

"काहून ओरडून राहिली वं?" मी म्हटलं.

ती लाजली. "सवय झाली. तिकडं जंगलात गुपचूप चाललं तं नक्षली म्हणा का पोलीस, कुठूनही गोळी येते. आवाज दिला तं बंदुका थांबतात, बाया लेकरं घेऊन दारात येतात."

मी इथं मोठ्या एसी दवाखान्यात आहो. पेशंट मले "ओ मॅडम" म्हणतात.

तिचा जीव धोक्यात असते, समजते मले. तरी जळफळाट जात नाही.

सांगा, उद्या मी गल्लीत ओरडली तं कोण दार उघडन?