बेलदऱ्याचा उतार

गहिनीनाथला कुणी भित्रा म्हटलं तरी राग यायचा नाही. एखाद्याला दम्याचा त्रास असतो, तसा आपल्याला भीतीचा आहे, एवढंच तो मानायचा. खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात त्याची पिठाची गिरणी. गिरणीला कुलूप घालून तो रस्त्याला लागायचा आणि मेन स्विच पडलाय का हे बघायला परत यायचा. एकदा कर्जतला मेव्हणीच्या लग्नाला निघालेले असताना त्याने अर्ध्या वाटेवरून अख्खं बिऱ्हाड मागे फिरवलं होतं. स्विच बंदच होता. लग्न मात्र लागून गेलं होतं.

त्याची बायको रुपाली उपकेंद्रात सिस्टर. ती कशालाच घाबरायची नाही. रात्री-अपरात्री वस्त्यांवर जायची, कुणी दारू पिऊन आडवा आला तर त्यालाच दटावून बाजूला करायची. घरातली जुनी पांढरी मारुती तीच चालवायची. गहिनीनाथला गाडी येत होती, पण हातात स्टेअरिंग आलं की समोरची म्हैससुद्धा आपल्याच अंगावर येतेय असं त्याला वाटायचं. म्हणून तो शेजारी बसायचा, आणि रुपालीने ब्रेक मारायच्या आधीच त्याचा पाय खालच्या पत्र्यावर दाबलेला असायचा.

गाडीची दुरुस्ती मात्र त्याच्याकडे. गिरणीचे पट्टे, बेअरिंगं, नटबोल्ट यांत त्याचं आयुष्य गेलेलं. शिवाय दुसऱ्याच्या हाताचा त्याला भरवसा नव्हता. गाडीत आपली बायको बसते. ती कुणाच्या भरवशावर सोडायची?

त्या उन्हाळ्यात ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरायला लागलं. चाक काढून पाहिलं तर डिस्कला खोल चरे पडलेले आणि पॅड झिजून पत्र्यासारखे झालेले. गहिनीनाथने जामखेडहून नव्या डिस्क आणि नवे पॅड आणले आणि रविवारी सकाळी अंगणातल्या लिंबाखाली पोतं अंथरून काम मांडलं.

आधी उजवं चाक घेतलं. डिस्क गंजून चिकटलेली होती, ती ठोकून सैल केली, नवी बसवली, पॅड घातले, ते डिस्कवर दाबून धरणारा कॅलिपर जागेवर आणला. काम कसं मनासारखं झालं. मग डावं. कॅलिपरचा वरचा बोल्ट आवळून झाला आणि त्याची आई मनकर्णा गोठ्याकडून ओरडली, "गहिन्या, वासरू सुटलं रं! आजिनाथच्या मकंत शिरलं!"

तो उठून पळाला. वासराने त्याला पार ओढ्यापर्यंत दमवलं. परत आला, हात पुसले, चाक चढवलं. मग गाडीत बसून ब्रेकचं पेडल दाबत राहिला. नवे पॅड बसवले की ते आधी खालपर्यंत जातं आणि हळूहळू टणक होतं. टणक झालं. आंघोळ करून गाडी गावापर्यंत फिरवून आणू, असं म्हणत असतानाच गिरणीवर दळणाची माणसं खोळंबल्याचा निरोप आला.

गिरणी सुरू झाली. गहू ओतता ओतता त्याचा हात मध्येच थांबला.

डाव्या चाकाचा खालचा बोल्ट.

वासराच्या मागे पळायच्या आधी तो हाताने लावला होता. मग आल्यावर पान्याने आवळला का? त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पाना दिसे, बोल्ट दिसे, पण आपण आवळतोय हे काही दिसेना. हाताने लावलेला बोल्ट चाकाच्या हादऱ्याने फिरत फिरत बाहेर येतो. तो गळाला की कॅलिपर वर उचलला जातो, चाकाला धडकतो, ब्रेकची नळी तुटते. मग पेडल पायाखाली रिकामं.

गिरणी तशीच बंद करून, मेन स्विचकडे न बघता तो घराकडे धावत सुटला. लिंबाखाली पोतं होतं. गाडी नव्हती.

"रुपाली घिऊन गेली," मनकर्णा म्हणाली. "बेलदऱ्याच्या वस्तीवर गोजरबाईची सून अडलीय म्हनं. ॲम्ब्युलन्स लांब कुटं गेल्ती. असा का बघतुयास? तूच म्हनला ना, गाडी झाली?"

म्हटलं होतं खरं. त्याने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. बेलदऱ्याला रेंज नव्हती, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. तिथे जाताना नुसता चढ. चढावर ब्रेक कोण मारतं? पण येताना घाटासारखा उतार, एका बाजूला दगडी कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि गाडीत अडलेली बाई.

त्याने चौदा नंबरचा पाना उचलला आणि शेजारच्या आजिनाथला जेवत्या ताटावरून उठवलं. मोटारसायकल निघाल्यावर कुठे त्याने काय झालं ते सांगितलं.

"आवळला असशील की," आजिनाथ मागे न बघता म्हणाला. "तुला आठवत न्हाई इतकंच. स्विचचं काय झालं हुतं मागं?"

"आजिनाथ, गाडी पळव."

"पळवतोय. पण तू माझी बरगडी सोड आधी."

गहिनीनाथला एरवी मोटारसायकलवर बसायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. आज त्याला रस्ता दिसत नव्हता. प्रत्येक वळणावर तो दरीच्या बाजूला वाकून बघत होता. झुडपं मोडलीत का? कुठे धूर, काचा, पांढरा पत्रा? एका ठिकाणी खाली काहीतरी पांढरं चमकलं. तो शेतकऱ्याने अंथरलेला प्लास्टिकचा कागद होता.

चढ निम्मा झाला आणि वरून गाडी येताना दिसली.

तो मोटारसायकलवरून उतरला की पडला, हे त्यालाही पुढे सांगता आलं नाही. रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो दोन्ही हात हलवायला लागला. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण हिला थांब म्हणतोय, म्हणजे ब्रेक मार म्हणतोय. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "ब्रेक मारू नको! हळू! पहिल्या गिअरवर घे, पहिल्या!"

काचा खाली होत्या म्हणून रुपालीला ऐकू गेलं असावं. इंजिन गुरगुरलं, गाडी संथ झाली, शेवटी किंचित ब्रेक लागला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बंपर थांबला. आजिनाथने पळत जाऊन चाकाखाली दगड लावला.

"अवो, डोकं फिरलंय का तुमचं?" रुपाली ओरडली. "मागं पंकजा हाय! कळा येत्यात तिला!"

मागच्या सीटवर पंकजा सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, ओठ दातांखाली धरलेला. गोजरबाईने बाहेर बघितलं. "काय झालं, सिस्टर? का थांबलाव? हितंच बाळंत करायचंय का माज्या सुनंला?"

"डाव्या चाकाचा बोल्ट बघायचाय," गहिनीनाथ म्हणाला. "ऱ्हायलाय बहुतेक."

"बहुतेक?" रुपालीने विचारलं.

त्याने पाना पुढे केला. रुपालीने त्याच्याकडे पाहिलं आणि चाकामागची जागा मोकळी व्हावी म्हणून स्टेअरिंग पूर्ण वळवलं. तो तापलेल्या डांबरावर पालथा पडला, चाकामागे हात घातला, पाना लावला, जोर दिला.

बोल्ट घट्ट होता. दगडासारखा घट्ट.

"काय?" आजिनाथने विचारलं.

"आवळलेला हाय."

"सांगितलं हुतं का न्हाई!" आजिनाथ हसला आणि वरून कुणी गाडी येत असेल तर थांबवायला वळणाकडे निघून गेला. आतून पंकजाची किंकाळी आली. गोजरबाई हात जोडून म्हणाली, "बाबा, आता तरी सोड रं आमाला."

गहिनीनाथ उठला. अंगाला डांबर चिकटलेलं. लग्न चुकलं होतं तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर जशी शरम वाटली होती, तशीच आता वाटत होती. सोडायला हवं होतं. सगळे तेच म्हणत होते, आणि खरंही तेच होतं. उजव्या चाकाबद्दल त्याला शंका नव्हतीच. पण पाय हलेनात.

"दुसऱ्या बाजूला वळव," तो म्हणाला.

"अवो, पुरं आता."

"एकदाच, रुपाली. पाया पडतो."

तिने दात-ओठ खात स्टेअरिंग वळवलं. तो तिच्याच खिडकीखाली उजव्या चाकाशी झोपला आणि खालच्या बोल्टला बोट लावलं. बोल्ट फिरला. पान्याशिवाय, नुसत्या बोटाने फिरला.

वासरू सुटायच्या कितीतरी आधी, सकाळच्या शांत वेळी, मन लावून केलेलं चाक होतं ते. त्याने वर पाहिलं. रुपाली खिडकीतून वाकली होती आणि त्याच्या बोटाकडे बघत होती.

त्याने बोल्ट आवळला, वरचा तपासला, पुन्हा खालचा आवळला. "जा," एवढंच म्हणाला. त्याने दगड काढला, आणि ती गेली.

आजिनाथच्या मागे बसून तो जामखेडपर्यंत त्या गाडीमागे गेला. उतारावर वळणं आली की गाडीचे मागचे लाल दिवे लागायचे, आणि ते लागून विझेपर्यंत तो आजिनाथची बरगडी सोडायचा नाही. आता त्याला चारी चाकांची भीती वाटत होती. नेमकी कशाची भीती धरायची तेही आपल्याला कळत नाही, हे त्याला आजच कळलं होतं.

पंकजाला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. गोजरबाई फोनवर गावाला ओरडून सांगत होती. रुपाली दवाखान्याच्या मागच्या पायरीवर येऊन बसली, तसा गहिनीनाथ तिच्याजवळ गेला.

"सैल हुता ना?" तिने विचारलं.

"व्हय."

"मी वर चढताना रेडिओ लावला हुता, चाक खडखडलं असतं तरी ऐकू आलं नसतं," ती म्हणाली. तिचे हात कापायला लागले. सुई टोचताना, टाका घालताना कधी न हललेले ते हात तिने मांडीखाली दाबून धरले, तरी खांदे हलतच राहिले. गहिनीनाथने नळावरून पाणी आणलं. एवढ्या वर्षांत तिला धीर द्यायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आणि काय बोलतात तेही त्याला माहीत नव्हतं. तो नुसता ग्लास धरून उभा राहिला.

"पुढच्या वेळी गॅरेजला टाकू," शेवटी तो म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमीच करा. पन मी शेजारी बसनार, आन् तुमी आवळलेला प्रत्येक बोल्ट मी माज्या हातानं बघनार."

तेव्हापासून तसंच चाललंय. आजिनाथ मात्र आजही पारावर तो किस्सा रंगवून सांगतो, की अडलेल्या बाईची गाडी भर उतारावर अडवून या भित्र्याने घट्ट आवळलेला बोल्ट कसा तपासला. वळणावर उभा असल्यामुळे त्याला एकाच चाकाचं माहीत आहे, आणि दुसऱ्याचं या दोघांनी त्याला कधी सांगितलेलं नाही. लोक पोट धरून हसतात. गहिनीनाथही हसतो. रुपाली तिथे असली तर काहीतरी काम काढून उठून जाते.