नव्या टाकीचा पहिला जाळ

सारजाबाईला भांडकुदळ म्हणणारे लोक पैठणात आहेत, पुंडलिकनगरातही आहेत. म्हणोत बापडे! त्यांच्यातल्या एकालाही गळक्या गॅसच्या टाकीशेजारी उभं राहून भाकरी थापाव्या लागल्या नाहीत.

बाई मूळची पैठणची. नवरा, कडूबा, ऐन तारुण्यात तापानं गेला. पदरात मूल नाही, मग स्वयंपाकाच्या जिवावर दिवस काढले. गोदावरीच्या काठी दहाव्याचं जेवण रांधायला तिला बोलावणं यायचं. लग्नघरीही यायचं. गावजेवणाचं वरण ती एकहाती उतरवायची, पण जात्याला हळकुंड बांधायची वेळ आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "सारजा, तू जरा तिकडं हो." ती तिकडं व्हायची. तिच्या हातची पुरी चालायची, तिचा हात चालायचा नाही. आग लागो असल्या रीतीला!

मग तिला शहरात, पुंडलिकनगरातल्या काकासाहेबांच्या घरगाडीवर रांधायचं काम मिळालं. काकासाहेबांचं वावर हायवेत गेलं, आणि त्या पैशातून त्यांनी एक जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, संडास, मागच्या अंगाला ओटा आणि ओट्याखाली गॅसच्या दोन छोट्या टाक्या. पुण्या-मुंबईची कुटुंबं ती गाडी भाड्यानं घेऊन वेरूळ-अजिंठा करायची. लक्ष्मण गाडी चालवायचा, सारजाबाई रांधायची. त्या ओट्यापाशी तिला "तिकडं हो" म्हणणारं कुणी नव्हतं. डबे तिनं लावलेले, फडकी तिनं वाळत घातलेली, आणि गॅस पेटवायचा तो तिनंच. तिला ते घर आपलंच वाटायला लागलं होतं. भाबडी म्हणा पाहिजे तर.

टाक्या मात्र काकासाहेबांनी कुठूनशा जुन्याच आणून बसवल्या होत्या. रिकामी झाली की लक्ष्मण गल्लीतल्या दुकानातून भरून आणायचा. बुडाला गंज, तोंडाशी वास. सारजाबाई तोंडाला साबणाचा फेस लावायची आणि उठणारे बुडबुडे मालकाला दाखवायची.

"मालक, टाक्या बदला. एक दिवस समदं उडंल."

"बदलू की! एवढा हंगाम जाऊ द्या."

हंगाम यायचे नि जायचे. खंडेनवमीला मात्र काकासाहेब न चुकता टाक्यांना लाल रंग मारून घ्यायचे, वर हळदीकुंकू, झेंडूची माळ. रंग वाळला की कौतुकानं म्हणायचे, "बघा, झाल्या का नाय नव्या?" गंजाला काय, तो रंगाखाली निवांत खात बसला. आणि आपल्याकडं एकदा वस्तूला हार घातला, की तिच्यावर शंका घेणाराच पापी ठरतो. सारजाबाई पुन्हा काही बोलली की द्वारकाबाई, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी, फणकारायच्या, "पूजा झालेल्या वस्तूला नावं ठेवू नये गं."

शेवटी व्हायचं ते झालंच. अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरला झाडाखाली गाडी उभी होती. पाहुणे लेणी बघून दमून आलेले, लेकरं पलंगावर झोपलेली. सारजाबाई पुऱ्या तळत होती. एकाएकी ओट्याखालून भप्पकन आवाज झाला आणि टाकीच्या तोंडालाच जाळ लागला. लक्ष्मण "मावशी, पळा!" म्हणून ओरडला आणि लेकरं उचलायला धावला. मावशी पळाली नाही. तिनं बादलीत गोणपाट बुडवलं, टाकीवर टाकलं, आणि त्याच्याखाली हात घालून चावी बंद केली. लेकरं वाचली, गाडी वाचली. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून निघाला.

दवाखान्यात काकासाहेब खाटेजवळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू? म्हणाले, "सारजाबाई, चुकलं माझं. उद्याच नव्या टाक्या आणतो. आणि पहिला जाळ तुमच्याच हातचा, हा माझा शब्द."

ती तेवढ्यावर हरखली. भरपाई मागितली नाही, रजा मागितली नाही. नवं घर असो, नवा गॅस असो, पहिल्यांदा पेटवून दूध उतू घालायचं, हा मान कुणाचा असतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. जन्मात कधी तो आपल्याकडं येईल असं तिला वाटलं नव्हतं. दवाखान्यातून सुटेपर्यंत ती येईल त्या नर्सला तेच सांगत होती.

टाक्या आल्या. पुंडलिकनगरात काकासाहेबांच्या दारापुढं गाडी उभी केली. सारजाबाईनं धुवट लुगडं नेसलं, दूध आणलं, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि लायटर हातात घेतला. तेवढ्यात द्वारकाबाई आरतीचं ताट घेऊन गाडीत चढल्या, मागं सून शैला.

"सारजाबाई, तू जरा तिकडं हो. पहिला जाळ सवाष्णीच्या हातचा असतो. शैला, ये गं पुढं."

सारजाबाईनं मालकाकडं पाहिलं. मालक टाकीवरचा हार नीट करण्यात गुंतले होते.

"मालक, तुम्ही शब्द दिला व्हता."

"अहो, बायकांच्या रीतीत मी काय बोलू?" हारावरची नजर न काढता ते म्हणाले.

शैला शिकलेली पोरगी. ती पुटपुटली, "आई, त्यांनाच पेटवू द्या ना." पण पुटपुटता पुटपुटता तिनं लायटर घेतला. गॅस पेटला, दूध वर आलं, ओट्यावर सांडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. द्वारकाबाईंनी साखर वाटली आणि म्हणाल्या, "सारजाबाई, आता ओटा पुसून घे. दूध करपायच्या आत."

बाईचा संताप मस्तकात गेला. आवाज मात्र चढला नाही.

"मालकीणबाई, फर्दापूरला पेटल्या टाकीला हात घालाया गेले, तवा मला कुणी तिकडं हो म्हणलं नाय."

तिनं आपली पिशवी उचलली आणि खाली उतरली.

ती मोठ्या रस्त्याला लागली तसा लक्ष्मण मागून धावत आला. "मावशी, मालक म्हणत्यात, पूजा झाली आता. उद्यापास्नं तुम्हीच पेटवा, कोण अडवतंय?"

"उद्यापास्नं पेटवणं म्हंजी चाकरी, लक्ष्मण. ती मी कुठंबी करीन. आजचा जाळ माझा व्हता."

लक्ष्मण मान खाली घालून उभा राहिला. चांगला माणूस होता तो. तिच्या हाताला मलम लावायलाही तोच यायचा. मग त्यानं विचारलं, "पण मावशी, सकाळी पाहुणे येणार, त्यांच्या चहाचं काय?"

समोर पैठणची एसटी थांबली. सारजाबाईनं डाव्या हातानं दांडा धरला आणि ती वर चढली.