कूलरच्या वाऱ्यात गेलेलं एर्बियम

एप्रिल १९९१, शनिवार, दुपार. जळगाव, कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: सर, माझ्याबरोबर संशोधन करणारी माझी मैत्रीण, मी, आणि प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे आबा म्हणत. उशिरा आले ते मैत्रिणीचे वडील, नाना, धरणगावहून.

नानांनी तिला आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिली होती. काय बनवतेस ते दाखव, पटलं तर लग्न वर्षभर पुढे ढकलतो; नाही तर स्थळ बघून ठेवलंय. दाखवायचं होतं ते एर्बियमचं एक संयुग. एर्बियम हा दुर्मिळ मृदा गटातला धातू. त्याच्या एका अणूला कार्बनची पाच कोनांची तीन कडी जोडायची, की गुलाबी स्फटिक मिळतात. निर्वात नळीत तापवले की ते न वितळता थेट वाफ होतात आणि थंड काचेवर पुन्हा जमतात. या गुणाचाच उपयोग: वाफेतून एर्बियमचा अंश सिलिकॉनच्या चकतीवर बसवता येतो, आणि काचेच्या तारेतून टेलिफोन ज्या प्रकाशावर चालतो, नेमका तोच प्रकाश एर्बियम देतं. सर हे सांगायचे तेव्हा कॉलेजच्या फोनला जळगावातल्या जळगावात लाइन मिळत नसे.

दोष एकच. हवा आणि ओल त्याला अजिबात सोसत नाही. म्हणून सगळं काम नायट्रोजनमध्ये. तो आम्ही गुरांच्या दवाखान्यातून आणत असू. तिथे वळूंचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथला कंपाउंडर दर वेळी विचारायचा, "ताई, आज तरी गाय आणली का?" ती म्हणायची, "आणली ना, ही काय," आणि माझ्याकडे बोट दाखवायची.

त्या नायट्रोजनवर फुगवलेली प्लास्टिकची मोठी पिशवी, तिला चिकटपट्टीने जोडलेले हातमोजे: ही आमची बंद पेटी. मैत्रिणीचे हात कोपरापर्यंत आत असत, बाहेरचं सगळं माझ्याकडे.

"ए, नाक खाजव."

"कुठे?"

"डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे!"

सर पाठमोरे उभे राहून हसू दाबायचे. तिच्यानंतर मी कितीतरी जणांबरोबर काम केलं, सगळे शहाणे, शिस्तीचे. नाक खाजव म्हणणारं कोणी भेटलं नाही.

खानदेशातल्या एप्रिलचा आम्हाला अभिमान होता. धुतलेली ओढणी बाहेर नुसती हातात धरली तरी वाळायची. इतकी कोरडी हवा पुण्या-मुंबईच्या लोकांना कुठली मिळायला, असं सर म्हणत. त्या शनिवारी स्फटिक तयार होते. ते छोट्या नळीत भरायचे आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं, एवढंच उरलं होतं.

नाना आले, टोपी काढून घाम पुसला, पिशवीवर वाकून आत बघितलं आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय शे? गुलाबी खडीसाखर दिसस."

"एर्बियम, नाना."

"तू बनाडं?"

"मीच."

ते पुन्हा वाकले आणि या वेळी बराच वेळ बघत राहिले. तिने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. पटलं होतं.

आबांना मात्र पाहुणा घामाघूम झालेला बघवेना. "पहिल्यांदाच आले नाना," म्हणत ते शेजारच्या खोलीतून कूलर ढकलत घेऊन आले. कालच गवत बदललेलं, टाकी काठोकाठ. मी "आबा, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं. ओला गार वारा सरळ पिशवीवर आला. पिशवी फडफडली आणि हातमोज्याची चिकटपट्टी सुटली.

आधी कापरासारखा वास आला. मग स्फटिकांची चमक गेली, कडा पांढुरक्या झाल्या, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांचं फिकट पीठ झालं.

"हाई काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"पाणी लागलं, नाना."

"पानी कोठे शे आठे?"

तिचे हात अजून आतच होते. तिने हनुवटीने कूलर दाखवला. नानांनी स्वतः उठून तो बंद केला. "मन्हामुळे व्हयनं का?" त्यांनी विचारलं. तिने हात पिशवीतून बाहेर काढले.

"परत बनाड ना मंग."

"ज्यापासून ते बनतं, ते एर्बियम क्लोराइड संपलं," सर म्हणाले. "मागवलं तर दिवाळीपर्यंत येईल."

नाना टोपी हातात फिरवत बसले. "मी दखं, माय," ते शेवटी तिला म्हणाले. "मी दखं, शे ते शे. पन लोकेस्ले काय दखाडू?" त्यांनी स्वतः पाहिलं होतं, पण लोकांना दाखवायला काही उरलं नव्हतं.

आखाजीनंतर आठवड्याभरात तिचं लग्न झालं. सासर धुळ्याला. मंडपात आबा पाण्याचा जग घेऊन फिरत होते, आमच्याकडे बघायचं टाळत.

एर्बियम क्लोराइड दिवाळीनंतर आलं. सरांनी बाटली माझ्यापुढे ठेवली, मी ती कपाटात ठेवली. माझं काम सेरियम या त्याच गटातल्या दुसऱ्या धातूवर होतं, ते मी पूर्ण केलं, नोकरीही इथेच मिळाली. सर निवृत्त झाले. दर आखाजीला ती माहेरी येते आणि मी धरणगावला जाते. ती आधी जेवायला वाढते आणि मग मुलांना बाहेर पिटाळून विचारते, "ती बाटली आहे ना अजून?"

"आहे. ये एकदा. दोन दिवस लागतील."

"येते गं. या वेळी नक्की." मग कोणाची तरी परीक्षा असते, सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन असतं, धुळ्याची गाडी पकडायची असते.

तयारी माझ्याकडे आहे. नवी पिशवी आणली, निर्वात पंपाचं तेल बदललं, गुरांच्या दवाखान्यात बोलून ठेवलं. एर्बियमच्या बाटलीचं सील तोडायचं बाकी आहे.