रिकामी परात

मस्कतला आम्ही दोन वर्षं राहिलो आणि तेवढ्या काळात माझं फक्त एकाच घराशी युद्ध झालं. ते घर समोरचंच होतं.

मिलिंदच्या कंपनीने त्याला ओमानला पाठवायचं ठरवलं, तेव्हा इथे रेडमंडमध्ये सगळ्यांनी माझी आधीच कीव करून टाकली. "मुस्लिम देश गं! कसं जमणार तुला?" सुषमाकाकू डोळे मोठे करून म्हणाल्या. (त्या स्वतः अमेरिकेत आल्यापासून सिअ‍ॅटलच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.) मी नागपूरची. मला कोणी 'जमणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. "काकू, इतकी वर्षं झाली, मला इथल्या शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. तिथे मी अशी रुळेन की बघाच!" घरोघरचे पदार्थ आणून जेवायच्या भर पॉटलकमध्ये बोलून बसले. आता तिथल्या शेजाऱ्यांशी बिनसलं असतं, तर रेडमंडमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मस्कतला पोचलो, रमजान सुरू झाला आणि सूर्य मावळायच्या जरा आधी बेल वाजली. दारात समोरच्या उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई. हातात मोठी परात आणि परातीत हरीस, म्हणजे गहू आणि मटण एकत्र घोटून केलेली खिचडी. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या शेजारात वाढल्यामुळे त्यांना छान हिंदी यायचं. "खाओ बहन, अपना ही घर है!" असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

हरीस आम्ही चाटूनपुसून खाल्ली. परात घासून झाली. आणि मी बेसन काढलं.

"आई, जस्ट गिव्ह इट बॅक!" माझी तेरा वर्षांची रिया म्हणाली.

"वेडी का गं? शेजारणीचं भांडं रिकामं परत देतात का?"

अमेरिकेत सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमधून यायचं आणि ट्रे थेट कचऱ्यात जायचे, त्यामुळे बिचारीला ही रीत ठाऊकच नव्हती. मी झणझणीत पाटोडी रस्सा केला. रस्सा परातीत राहीना, म्हणून तो माझ्या पातेल्यात घातला आणि पाटोड्या परातीत. इथेच चुकलं! आता माझंही एक भांडं त्यांच्या घरी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत आलं, काठोकाठ खिमा भरून. सोबत तीच परात, तिच्यात समोशांचा डोंगर. मी वडाभात पाठवला. तिकडून बकऱ्याची अख्खी तंगडी ठेवलेला पुलाव आला. मी पुरणपोळ्या लाटल्या. तिकडून मध आणि केशर घातलेला हलवा आला! बाई खमकी होती. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते.

ईद झाली, तरी भांडी थांबेनात. फ्रिजचं दार खुर्ची लावून बंद ठेवावं लागे. मिलिंद ऑफिसला दोन डबे नेऊ लागला आणि पॅन्टचं बटण उघडं ठेवून मीटिंग घेऊ लागला.

"एकदा रिकामी दे ना परात! काय जगबुडी होणार आहे?"

"आणि त्या काय म्हणतील? अमेरिकेहून आलेत, रीतभात नाही!"

"बट वी आर फ्रॉम अमेरिका," रिया म्हणाली. तिला मी आणखी एक समोसा वाढला.

एके सकाळी मी पुरण वाटत असताना ओट्यावर परात दिसेना. मिलिंद नको तितका शांतपणे चहा पीत होता.

"परात कुठंय?"

"दिली. त्यांच्या दाराशी ठेवून आलो."

"रिकामी?!"

मी गाऊनवरच धावले. केसांना तेल, हाताला कोपरापर्यंत पुरण. परात त्यांच्या उंबऱ्यावर उघडीनागडी चमकत होती. मी झडप घालून ती काखोटीला मारली, वळले, आणि मागे दार उघडलं. उम्म सालिम, त्यांची सून मरियम आणि मागे खुद्द सालिम. भल्या सकाळी तेलकट केसांची शेजारीण त्यांची परात पळवतेय, हे तिघांनी डोळे भरून पाहिलं.

"चोरी नहीं! मैं... भरने के लिए ले जा रही थी!"

उम्म सालिम मटकन पायरीवर बसल्या. "और भरोगी?" त्यांचा आवाज रडवेला झाला. "बहन, रहम करो! सालिम की शुगर बढ़ गई!"

"तो आपने बंद क्यों नहीं किया?"

"हमारे में बर्तन खाली नहीं लौटाते!"

"हमारे में भी नहीं!"

मरियमने कपाळावर हात मारला. मग पहिल्यांदा थांबायचं कोणी, यावर वाद सुरू झाला. मी हटेना, त्याही हटेनात. शेवटी मरियमने तोडगा काढला. तिने माझं पातेलं आणून सासूच्या हातात दिलं. एक, दोन, तीन म्हणायचं आणि दोघींनी एकाच वेळी रिकामी भांडी बदलायची. कोणी पहिलं नाही, कोणी शेवटचं नाही. मी घरून परात स्वच्छ धुऊन, पुसून, फडक्यात झाकून आणली. त्यांनीही पातेल्यावर झाकण घातलं. सालिमने आकडे म्हटले, भांडी बदलली, आम्ही गळाभेट घेतली. मला खरंच भरून आलं.

घरी येऊन मी ताठ मानेने मिलिंदला सांगितलं, "बघ, मिटवलं!"

त्याने झाकण काढलं. पातेल्याच्या तळाशी सात-आठ टपोरे खजूर, प्रत्येकात एकेक बदाम.

फसवलं हो बाईने! पण राग त्याचा नाही आला. राग याचा आला, की मी फडक्याखाली नुसती चिमूटभर साखर ठेवली होती.